कचऱ्याच्या बादलीवर शेंबड्या गोगलगाई का येतात? (आणि चिलटं, आणि अळ्या, आणि सासूबाईंचं बोलणं)

वडगावची_सून
नमस्कार मंडळी. धागा काढू की नको करत चार दिवस घालवले पण आज सकाळी राहवलंच नाही. आमचं बेळगावच्या वडगावात जुनं घर आहे, पुढं गल्ली मागं परसू, आणि परसात नळाजवळ ओल्या कचऱ्याची हिरवी बादली. पाऊस नीट सुरू झाल्यापासून रोज सकाळी झाकण उचललं की आतल्या बाजूनं शेंबड्या गोगलगाई चिकटलेल्या. शंख नसलेल्या, काळपट तपकिरी, बोटभर लांब, आणि हात लागला की अंग आखडून घेतात. आज मोजल्या. अकरा!! परवा एक बादलीच्या कडीवर होती आणि मी अंधारात कडी धरली, पुढचं सांगत नाही, साबणानं तीनदा हात धुतला तरी तो चिकटपणा जाता जाईना.

सासूबाईंचं म्हणणं आमच्या वेळेला असलं काही नव्हतं, तुम्ही दोन-दोन दिवस कचरा साठवता म्हणून हे. आता गाडी सकाळी लवकर येऊन जाते आणि धो धो पावसात कधी कधी आमचीच चुकते, हे खरं आहे. पण मला समजत नाही की परसात एवढा अळू आहे, कर्दळ आहे, जास्वंद आहे, ते सगळं टाकून ह्या बादलीवरच का मरायला येतात? शिवाय चिलटांचा ढग वेगळाच. झाकण उघडलं की तोंडावर. कुणाला शास्त्रशुद्ध माहिती असेल तर सांगा, म्हणजे मला घरी तोंड वर करून बोलता येईल.

गोट्या_अनगोळ
अक्का एवढं काय टेन्शन घेउलालीस, मीठ टाक की मूठभर. दोन मिनिटात खल्लास. आमच्याकडं लहानपणी तोच उद्योग होता.

मास्तरीण_टिळकवाडी
गोट्या, मीठ नको रे बाबा. मीठ पडलं की तिच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, ती फेस काढत तडफडत मरते, आणि हे सगळं बादलीच्या झाकणावर चालू असताना ते पुसणार कोण? अक्काच. वर ते मीठ कचऱ्यात आणि मातीत जातं. अळूच्या मुळाशी चार पावसाळे मीठ टाकलं तर अळूच जाईल, गोगलगाय पुढच्या वर्षी परत येईल.

आता वडगावच्या अक्कांच्या प्रश्नाकडे. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते त्यामुळं थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

"गोगलगाय आणि पोटात पाय" ही म्हण आपण खाली मान घालून आतून कारस्थानं करणाऱ्या माणसाला लावतो पण शास्त्रातलं नाव अगदी तेच सांगतं. ह्या सगळ्या वर्गाला गॅस्ट्रोपोडा म्हणतात, ग्रीक भाषेत पोट आणि पाय. पोटाखालचा सगळा भाग म्हणजेच तिचा एकुलता एक पाय, आणि तो चालायचा तर खाली सतत शेंबूड सोडत राहावं लागतं. शेंबूड म्हणजे बहुतेक पाणीच. म्हणजे बघा, ही बाई चालते तेच मुळी स्वतःच्या अंगातलं पाणी खर्च करून, वर शंखही नाही की दुपारच्याला आत शिरून दार लावून घेईल. त्यामुळं तिचं सगळं आयुष्य एका गोष्टीभोवती फिरतं, ओल. दिवसा ओल आणि अंधार सापडेल तिथं पडून राहायचं, रात्री हवा दमट झाली की बाहेर पडायचं.

डोळे म्हणाल तर नावालाच. वरच्या शिंगांच्या टोकाला असतात पण उजेड-अंधार यापलीकडं फार काही कळत नाही. वास मात्र पक्का. चारही शिंगांनी हुंगत जाते, खालची दोन तर जमिनीला जवळजवळ टेकवूनच. आणि तिला सगळ्यात जास्त ओढ कशाची, तर कुजायला लागलेल्या, आंबायला लागलेल्या गोष्टींची. ताजं पान ती खाते, कोवळ्या रोपांचा तर फडशा पाडते, पण मऊ पडलेलं पान, काकडीचं साल, शिळा भात हे तिला चावायला सोपं. दात तसे नसतातच, जिभेवर कानशीसारखी पट्टी असते बारीक बारीक हजारो दातांची, त्यानं ती खरवडून खाते. आता तुमची बादली बघा. अंधार आहे, ओल आहे, आंबल्याचा वास आहे, आणि खरवडायला मऊ माल. तुमचा अळू यातल्या दोन गोष्टी देतो, बादली चारही देते.

वडगावची_सून
बाई किती छान सांगितलंत. पण मग त्या कचऱ्यात का नसतात? मी काडीनं उकरून बघितलं (हो, बघितलं), कचऱ्यात एखादीच, बाकी सगळ्या झाकणाच्या आतल्या बाजूला वर चिकटून.

मास्तरीण_टिळकवाडी
तुम्ही काडीनं उकरलंत म्हणजे अर्ध्या शास्त्रज्ञ झालातच की.

कचरा कुजताना गरम होतो. हात जवळ नेला तर वाफ लागते. ती वाफ वर जाते, झाकण बाहेरून पावसानं गार झालेलं, मग आतल्या बाजूला थेंब धरतात. सकाळी झाकण उलटं करून बघा, थेंबच थेंब. म्हणजे गोगलगाईला वर डोक्याला छप्पर, पायाखाली पाणी, शेजारी जेवण. रात्री ती जेवायला आली आणि उजाडायच्या आत घरी परतण्याऐवजी तिथंच वस्तीला राहिली, एवढंच. सकाळी ज्या अकरा दिसतात त्या खात नाहीत, झोपल्यात.

आणि एक. पहिली जी येते ती मागं शेंबडाची वाट सोडून येते. दुसरी ती वाट धरून येऊ शकते, तयार रस्ता आहे म्हटल्यावर तिचा खर्चही कमी. भिंतीवर चकचकीत पट्टे दिसतात ना, ते घासून काढा.

पुण्यात_असतो
मूळ मुद्दा स्वच्छतेचा आहे. रोजच्या रोज कचरा बाहेर गेला तर हे प्रश्न येतच नाहीत. आमच्या सोसायटीत एकही गोगलगाय नाही.

गोट्या_अनगोळ
चौथ्या मजल्यावर गोगलगाय लिफ्टनं येणार काय बे

खानापूरकडचा
पुण्यातल्या दादांनी एकदा जुलैत जांबोटीला यावं. आमच्याकडं महिना महिना ऊन दिसत नाही, भिंतीला बुरशी, चपलेला बुरशी, देव्हाऱ्यातल्या उदबत्तीच्या पुड्याला बुरशी. गोगलगाय न्हाणीघरात येते, चुलीमागच्या लाकडांत येते. स्वच्छता काय करणार.

मास्तरीणबाईंचं वाचून एक आठवलं. रानात पडलेला कुजका ओंडका असतो ना, पावसात तो उलटा केला तर खाली काय काय निघतं, शेंबड्या, पैसा, गोम, बारके काळे किडे, कसल्या कसल्या अळ्या, कधी विंचू. ओंडक्याखाली अंधार, ओल आणि कुजणं. मला वाटतं ह्या जीवांच्या लेखी तुमची हिरवी बादली म्हणजे एक कुजका ओंडकाच आहे, फक्त प्लास्टिकचा. त्यांना काय माहीत ती कचऱ्याची बादली आहे म्हणून.

जाता जाता, आपण हिला गाय केली, गोगल"गाय". कन्नडमध्ये बसवनहुळू म्हणतात, म्हणजे बसवाचा, नंदीचा किडा. शिंगं बघून दोन्हीकडच्या लोकांना एकच सुचलं, आपल्याला गाय दिसली त्यांना बैल दिसला.

कॅम्पातला_कट्टेकरी
म्हणजे बादलीवर आता सीमाप्रश्न. गाय कुणाची बैल कुणाचा.

गोट्या_अनगोळ
नको बाबा, धागा बंद पडेल. कचऱ्याची गाडी हसी कस ओण कस म्हणत येते, आम्ही ओला सुका म्हणत टाकतो, चाललंय ते बरं चाललंय.

निपाणीचे_आप्पा
मी शेतकरी माणूस. २०२२ ला मराठवाड्यात सोयाबीनवर शंखी गोगलगाय पडली होती ती आठवत असंल, लातूर बीडकडं लोकांनी पेरलेलं उगवून येतंय न येतंय तवर खाऊन टाकलं, दुबार पेरणी करायची पाळी आली. तेव्हा कृषी खात्याचे लोक काय सांगत होते, तर गुळाच्या पाण्यात गोणपाट भिजवा आणि संध्याकाळच्याला बांधाला अंथरा. रात्रभर सगळ्या त्या गोणपाटाखाली गोळा होतात, सकाळी उचलून साबणाच्या नाहीतर मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. मी हे आमच्या भाजीच्या वाफ्यात केलेलं आहे, शंभर टक्के लागू पडतं. मुद्दा काय, गूळपाणी रात्रीत आंबतं, वास सुटतो, गोणपाट ओलं राहतं, खाली अंधार. वैनी, तुम्ही परसात न कळत हेच गोणपाट मांडून ठेवलंय, दर रात्री, वर्षभर. येणारच की.

तेव्हा तेच उलटं करा. बादलीपासून लांब, परसाच्या टोकाला गुळाचं गोणपाट टाका. चार दिवस गोळा करा. संख्या कमी येईल.

चोर्ला_रायडर
बिअर पण चालते म्हणे. बशीत ओतून ठेवायची, रात्री येऊन बुडतात. गोव्यासनं येताना एक एक्स्ट्रा आणायला निमित्त.

मास्तरीण_टिळकवाडी
चालते. यीस्टचा वास लागतो त्यांना, दारूचं व्यसन नाही. मैदा, कोमट पाणी, चिमूटभर यीस्ट आणि साखर भिजवून ठेवली तरी तोच परिणाम, बिअर वाया घालवू नका. पण सापळा बादलीच्या शेजारी ठेवलात तर आसपासच्या चार परसातल्यांनाही आमंत्रण जाईल, आप्पांनी लांब टाका म्हणून सांगितलं ते त्यासाठीच.

अळूचं_फदफदं
माझा प्रश्न गोगलगाईचा नाही, अळ्यांचा आहे, इथंच विचारते. आमच्याकडं परवा मासळी आणली होती, डोकी आणि खवले कागदात गुंडाळून बादलीत टाकली. रविवारी टाकली, मंगळवारी संध्याकाळी बघते तर पांढऱ्या अळ्या वळवळतायत. झाकण तर घट्ट होतं! ह्या अळ्या आपोआप होतात काय? आई म्हणायची घाणीतनं आपोआप निपजतात.

मास्तरीण_टिळकवाडी
आपोआप काही होत नाही. १६६८ मध्ये इटलीतल्या फ्रान्चेस्को रेदी नावाच्या वैद्यानं हेच तपासलं होतं, काही बरण्यांत मांस ठेवून उघडं ठेवलं, काहींची तोंडं जाळीदार कापडानं बांधली. उघड्यात अळ्या पडल्या, बांधलेल्यात नाही. म्हणजे माशी येऊन अंडी घालून गेल्याशिवाय अळी नाही. तुमच्या बाबतीत माशी बहुतेक बादलीच्या आधीच येऊन गेली असणार, बाजारात नाहीतर ओट्यावर साफ करताना. मासळीचा वास सुटला की त्या चमकत्या हिरव्या-निळ्या माश्यांना लांबूनच कळतं. घरमाशी एका खेपेला शंभर-दीडशे अंडी घालते आणि उबदार हवेत ती एका दिवसाच्या आत फुटतात. त्यामुळं रविवार ते मंगळवार म्हणजे अगदी वेळापत्रकाप्रमाणे झालं.

अळी पूर्ण वाढली की तिला कोशात जायला कोरडी जागा लागते म्हणून ती ओला कचरा सोडून बाहेर निघते. बादलीच्या बाहेर, भिंतीवर, फरशीवर चालत जाणाऱ्या अळ्या दिसल्या तर समजायचं मामला बराच पुढं गेलाय. अंड्यापासून उडती माशी व्हायला उन्हाळ्यात आठ-दहा दिवस लागतात, म्हणून त्याच्या आत बादली रिकामी करून धुतली तर नवी पिढी तुमच्या घरात उडत नाही. मासळीची डोकी गाडी यायच्या दिवसापर्यंत पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवा.

अळूचं_फदफदं
फ्रीजरमध्ये मासळीची डोकी, शेजारी सोलकढीचं आगळ आणि कुंदा. नवरा काय म्हणेल ते बघायचं.

गोट्या_अनगोळ
कुंदा फ्रीजरमध्ये ठेवतो तो बेळगावचा नव्हेच

बेंगळूरस्थ
चिलटांबद्दल कुणी बोललं नाही. माझ्या फ्लॅटमध्ये गोगलगाय नाही पण चिलटं बाराही महिने.

मास्तरीण_टिळकवाडी
चिलटं म्हणजे प्रयोगशाळेत वापरतात तीच ड्रॉसॉफिला. केळं, पेरू, आंबा पिकून उतरायला लागला की त्याच्या सालीवर यीस्ट वाढतं, साखरेची दारू होते, मग जिवाणू त्या दारूचं व्हिनेगर करतात. हे दोन्ही वास म्हणजे चिलटांना जेवणाची घंटा. मादी तिथंच अंडी घालते, एका आयुष्यात काहीशे, आणि २५ अंश तापमानात दहा दिवसांच्या आसपास अंड्याचं उडतं चिलट होतं. बऱ्याचदा अंडी फळासोबत बाजारातूनच येतात, त्यामुळं खिडकी बंद असूनही "हे आले कुठनं" असं होतं. वाटीत थोडं व्हिनेगर, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. थेंब नसेल तर चिलट पाण्याच्या वरच्या पापुद्र्यावर आरामात बसतं आणि पिऊन जातं, थेंब टाकला की तो पापुद्रा मोडतो आणि बुडतं.

निपाणीचे_आप्पा
आमच्याकडं गल्लोगल्ली तंबाखू. तंबाखूचं पाणी उकळून फवारलं तर किडे जातात हे आमच्या बापजाद्यांपासून.

मास्तरीण_टिळकवाडी
आप्पा, जातात हे खरं, निकोटिन विषच आहे. पण ते माणसालाही कातडीतून चढतं, ओल्या तंबाखूची पानं तोडणाऱ्या मजुरांना मळमळ-चक्कर येते ती त्यामुळंच, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. स्वयंपाकघराजवळच्या बादलीवर नको.

निपाणीचे_आप्पा
व्हय, खरं हाय. आमच्या आईला तोडणीला गेलं की जेवणच जायचं नाही. माझा मुद्दा मागं घेतो.

कॅम्पातला_कट्टेकरी
औषधाच्या निळ्या गोळ्या मिळतात की दुकानात, गोगलगाईसाठी. टाकल्या की विषय संपला.

खानापूरकडचा
भावा, त्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या असतील तर घरात कुत्रं आहे का आधी बघ. कोंड्यात मळलेल्या असतात त्यामुळं कुत्री आवडीनं खातात, झटके येऊन मरतात. आमच्या शेजारच्यांचं एक गेलं, रात्रभर थरथरत होतं आणि गुरांचे डॉक्टर सकाळी पोचेपर्यंत उशीर झालेला. मांजरं, कोंबड्या, भारद्वाज सगळ्यांनाच धोका. आणि भारद्वाज तर गोगलगाई खाणारा पक्षी, त्यालाच मारून काय मिळवणार.

आणखी एक गंमत सांगतो, बहुतेकांना माहीत नसते. पावसाच्या तोंडावर आमच्याकडं झाडं काजव्यांनी लुकलुकतात ना, त्या काजव्यांच्या अळ्या गोगलगाईच खाऊन मोठ्या होतात. जमिनीवर रात्री फिरतात, शेंबडाच्या वाटेवरनं माग काढतात, चावून आधी बधिर करतात आणि मग खातात. परसात विष टाकलं तर गोगलगाईबरोबर तेही जाणार. मग लोक म्हणणार काजवे पूर्वीसारखे दिसत नाहीत.

अळूचं_फदफदं
हे माहीत नव्हतं. काजवा म्हणजे मला वाटायचं दव पिऊन जगतो.

मास्तरीण_टिळकवाडी
मोठे झाल्यावर बरेचसे फारसं काही खात नाहीत, त्यामुळं तुमचं अगदीच चुकलेलं नाही. खाण्याचं सगळं काम अळीपणीच उरकून घेतात.

आणि वडगावच्या अक्का, एक गंभीर सूचना राहिली. उघड्या हातानं गोगलगाय धरू नका आणि मुलांना खेळू देऊ नका. उंदराच्या फुप्फुसात राहणारा एक जंत असतो, त्याची पिल्लं उंदराच्या विष्ठेतून गोगलगाईत जातात. कच्ची पालेभाजी नीट न धुता खाल्ली आणि तिच्यावर बारकी गोगलगाय राहिली असेल तर तो माणसाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकतो. कचऱ्याला उंदीर येतो तिथंच गोगलगाय येते, म्हणून काळजी. जुना चमचा नाहीतर चिमटा ठेवा, हाताला चुकून लागलीच तर साबण.

वडगावची_सून
तीनदा साबण लावला होता ते बरंच झालं म्हणायचं.

बरं, तुमच्या पाठीवर फिकट रेघ आहे का बघा म्हणून मास्तरीणबाईंनी व्यनि (खासगी निरोप) केला होता ("तुमच्या" म्हणजे गोगलगाईच्या). आहे. पाठीवर मधोमध पिवळट रेघ, चामड्यासारखी खरखरीत पाठ. तर म्हणे ही मूळची आफ्रिकेतली, जगभर जिथं जिथं उष्ण-दमट हवा तिथं पसरलीय. म्हणजे वडगावात येऊन माझ्याच झाकणावर. पासपोर्ट नाही काही नाही.

बेंगळूरस्थ
लाइटचं कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. बादली कुठल्या बल्बखाली आहे का? आमच्या बेळगावच्या घरी मागच्या दाराला पांढरी ट्यूब होती, पावसाळ्यात रात्रभर तिच्यावर पंखवाल्या मुंग्या आणि टोळ आणि काय काय, खाली फरशीवर त्यांचा खच, खच खायला पाली आणि लाल मुंग्या, आणि सगळा खच झाडून बाबा बादलीत टाकायचे. पिवळा बल्ब लावल्यावर निम्म्यावर आलं.

वडगावची_सून
आहे! पांढराच. बरोब्बर बादलीवर.

मातीखत_येळ्ळूर
उशिरा आलो. मी तीन वर्षं घरीच खत करतो त्यामुळं थोडं वेगळं बोलतो. सगळे किडे वाईट नसतात. माझ्या ड्रममध्ये करड्या, चपट्या, वळ्या असलेल्या अळ्या होतात, बायकोनं पहिल्यांदा बघून माहेरी फोन लावला होता. त्या काळ्या सैनिक माशीच्या. मोठी माशी दिसायला गांधीलमाशीसारखी पण डंख नाही, पंखही दोनच, घरात येऊन जेवणावर बसत नाही कारण मोठेपणी ती जवळजवळ खातच नाही. अळ्या मात्र राक्षसासारखा कचरा संपवतात, आणि त्या असल्या की घरमाशीला तिथं जम बसवता येत नाही. पांढरी निमुळती अळी आणि ही करडी अळी यातला फरक ओळखायला शिका, उगाच उकळतं पाणी ओतू नका.

दुसरं, किडे कचरा कसाय ते सांगतात. लाल मुंग्या झाल्या म्हणजे कोरडं पडलंय, पाणी शिंपडा. चिलटं-गोगलगाई आणि घाण वास म्हणजे पाणी जास्त झालंय, आत हवा नाही. तुमच्या बादलीच्या तळाला काळं पाणी साचतंय ना? सगळा खेळ त्या पाण्याचा आहे. कचरा नाही ओढत एवढा, ते पाणी ओढतं. आपल्या घरातला ओला कचरा म्हणजे चहाचा चोथा, तांदळाचं धुवण, आमटीचं उरलेलं, आणि जूनमध्ये फणसाची चारखंडं. आधी जुन्या चाळणीत निथळायचा. मग बादलीत तळाला जाड वर्तमानपत्र, कचरा, वर मूठभर सुका पाला नाहीतर लाकडाचा भुसा, परत कचरा, परत पाला. बादली जमिनीवर नको, दोन विटांवर नाहीतर खुंटीला. आणि धुवायची ती साबणानं, नुसत्या पाण्यानं नको, कारण झुरळं आपल्या विष्ठेतून "इथं या" असा वास मागं सोडतात, मुंग्या वाटेवर सोडतात, शेंबडाचं तर वर आलंच आहे. पाणी मारून ते जात नाही.

निपाणीचे_आप्पा
बंबातली राख पण टाकत जावा. आमच्याकडं बादलीभोवती राखेचं कडं करतात.

मातीखत_येळ्ळूर
राख कोरडी असेतोवर उत्तम आप्पा, गोगलगाईच्या पोटाला चिकटते आणि तिला नको होतं. पण आपल्या पावसात कडं दहा मिनिटं टिकत नाही. छपराखाली असेल तरच.

वर्तमानपत्राचं एक ध्यानात ठेवा, ओला कागद गोगलगाय खाते, तिला कागदातला तंतू पचतो. रोज बदला. माझं एकदा लाइटचं बिल खताच्या ड्रमावर राहिलं होतं, सकाळी बघतो तर नेमका रकमेचा कोपरा खरवडून खाल्लेला, खाली तारीख शाबूत.

गोट्या_अनगोळ
असली गोगलगाय मला पण पाठवा दोन

पुण्यात_असतो
आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर आज एक सापडली. पाठीवर रेघ आहे.

खानापूरकडचा
लिफ्टची वाट बघत असेल

वडगावची_सून
मंडळी, नऊ दिवसांनी येतेय, हिशोब देते. बल्ब बदलला. बादली विटांवर चढवली. कचरा निथळून टाकायला लागले, ते निथळलेलं पाणी मोरीत, आणि वर सुका पाला, शेजारच्या आंब्याखाली पोतंभर होताच. झाकण रोज रात्री आतनं कोरड्या फडक्यानं पुसते, ह्यानं सगळ्यात जास्त फरक पडला असं मला वाटतं. गुळाचं गोणपाट कर्दळीपाशी टाकलं, पहिल्या सकाळी त्याखाली सव्वीस निघाल्या, मला गरगरलंच. एवढ्या होत्या आणि मला झाकणावरच्या अकराच दिसत होत्या! दुसऱ्या दिवशी चौदा, मग नऊ. पाचव्या दिवशी गोणपाटाखाली एक मोठा बेडूक येऊन बसलाय, तेव्हापासून मी मोजायचं सोडून दिलं, तो बघून घेतोय.

चिलटं आहेत अजून, पण ढग नाही. अळ्या एकदाच झाल्या, त्या करड्या होत्या, मातीखत दादांचं ऐकून तशाच राहू दिल्या.

आणि सासूबाईंना मी हा सगळा धागा वाचून दाखवला, दोन संध्याकाळी लागल्या. कुजक्या ओंडक्याचं ऐकून जरा गप्प बसल्या मग म्हणाल्या, आमच्या माहेरी गोठ्यामागं उकिरडा होता, पावसात त्याच्यावर पाटीभर गोगलगाई असायच्या, कोंबड्या जाऊन टिपायच्या, पण तिकडं सकाळी सकाळी कोण बघायला जातंय. म्हणजे त्यांच्या वेळेलाही होत्या! मी काही बोलले नाही. आज झाकणावर दोनच होत्या, चिमट्यानं उचलून बेडकाकडं पोचवल्या. तिसरी सासूबाईंच्या चपलेत निघाली, ती त्यांनी स्वतःच काडीनं काढली आणि मला हाक मारून म्हणाल्या, ये बघ, रेघ आहे काय हिला.